घमेल्याखालचा दवबिंदू

उंच सड्याच्या, म्हणजे सपाट खडकाळ माळाच्या, पायथ्याशी, तांबडा कातळ संपून भाताची हिरवी खाचरं सुरू होतात ना, तिथं एक इवलीशी वाडी होती. वाडीच्या टोकाला एक इवलंसं घर होतं, घराला एक इवलीशी पडवी होती, आणि त्या घरात राई नावाची मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. नाव राई आणि होतीही तशीच, सावळी, गोल गोल डोळ्यांची आणि एका जागी न ठरणारी.

राईची आई इरली विणायची. इरलं ठाऊक आहे ना? पावसात वाकून भात लावताना बायका डोक्यावरून पाठीवर घेतात, ते बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं पांघरूण. छत्रीच म्हणा, पण दोन्ही हात मोकळे ठेवणारी. आईच्या इरल्यातून पावसाचा टिपूसही आत यायचा नाही. आसपासच्या सगळ्या वाड्यांतून माणसं तिच्याकडे इरली न्यायला येत, आणि मायलेकी दोन वेळचं पोटभर जेवत.

पण शिमग्याच्या सुमाराला आईला गोवर आला. अंगभर पुरळ उठलं, ताप चढला, डोळे लाललाल झाले. वाडीच्या रिवाजाप्रमाणे तिला आतल्या काळोख्या खोलीत निजवलं आणि दारात कडुलिंबाचा डहाळा टांगला. यथावकाश पुरळ गेलं, तापही उतरला. डोळे मात्र काळोखालाच चिकटून राहिले. साधी पणती समोर आली तरी आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं आणि आत सुया टोचल्यागत व्हायचं.

शेजारच्या भागीरथीकाकीला हे बघवेना. काकी मोठी मायेची बाई, पण तिला माया करायचीही घाई. "ऊन लागलं की बरी होशील गो," असं म्हणत तिनं एके दिवशी भर दुपारी आईला हाताला धरून थेट अंगणात आणलं. ऊन होतं वैशाखातलं. आई किंचाळून खालीच बसली. तिनं दोन्ही तळव्यांनी डोळे झाकले आणि चाचपडत, ठेचकाळत परत आत गेली. त्या दिवसापासून तिनं खोलीचं खिडकुलंही गोणपाटानं बुजवून घेतलं. उजेडाचं नाव काढलं तरी ती अंग चोरायची. काकी बिचारी पदर तोंडाला लावून रडली, पण झालं ते झालं.

आता बांबू चिरायला कोयता चालवायचा तर नजर हवी. इरली विणायची थांबली तशी चूलही अर्धवेळ थांबली. मग राई वाडीतल्या लोकांची वासरं सड्यावर चारायला नेऊ लागली. संध्याकाळी कुणी तिला ओंजळभर नाचणी द्यायचं, कुणी वाटीभर ताक. घरी आली की ती काळोखात चाचपडत आईजवळ बसायची, आई तिच्या तोंडावरून हात फिरवायची, आणि मग दोघी भाकरी वाटून खायच्या. राईला जगात एकच गोष्ट हवी होती. आपली आई पुन्हा उजेडात यावी.

भादवा लागला आणि सडा फुलला. काय सांगू तुम्हाला त्याची शोभा! तेरड्याचे गुलाबी गालिचे, कवळ्याची पिवळी पिवळी फुलं, गेंदाची पांढरी बोंडुकली, आणि ओल्या कातळावर सीतेच्या आसवांचे निळे निळे ठिपके. मध्ये मध्ये साचलेल्या चिमुकल्या डबक्यांत आभाळाचे तुकडे तरंगत होते. एवढ्या रंगांत राई वासरांमागून अनवाणी फिरायची, आणि प्रत्येक फूल बघून तिच्या मनात यायचं, हे आयेला दाखवायचं राहिलं.

एका सकाळी एका अवखळ वासराचा पाय कशाला तरी अडखळला आणि खणखण आवाज झाला. राई धावली. बघते तर गवतात एक गंजकं घमेलं पालथं पडलेलं. उन्हाळ्यात तळीचा बांध दुरुस्त करायला आलेली माणसं ते तिथंच टाकून गेली होती. वासराच्या लाथेनं घमेलं उलथलं आणि खालची ओली माती उघडी पडली.

त्या मातीत एक रोपटं होतं. फिकट, मलूल, लांबट मानेचं. तिथंच चार पावलांवर त्याचे भाईबंद उन्हात डोलत होते, त्यांच्या पानापानावर माणकासारखे लाल केस, आणि केसाकेसाच्या टोकाला चकचकणारा थेंब. त्यांना दवबिंदू म्हणतात. दव उन्हं चढली की उडून जातं, पण या झाडाचे थेंब भर दुपारीही तस्सेच असतात, कारण ते दव नव्हेच, तो चिकट चिकट रस. चिलटं त्यावर भुलून बसतात आणि अडकतात, मग पान हळूच मिटतं आणि जेवतं. आता लगेच नाक मुरडू नका. सड्याच्या मातीत कस नाही, नुसता कातळ. ज्याला जमीन पोटभर जेवू घालत नाही, त्यानं आपलं पोट भरायला दुसरी वाट शोधली, तर त्यात त्याचं काय चुकलं?

पण घमेल्याखालच्या दवबिंदूवर लाल रंगाचा मागमूस नव्हता. घमेल्याच्या कडेखालून जी काय उजेडाची चीर आत येत होती, तिच्याकडे मान ताणून ताणून तो पावसाळाभर कसाबसा जगला होता. राईला एकदम आपल्या आईची खोली आठवली.

"इतके दिवस काळोखात होतास व्हय रे?" ती म्हणाली. "आता न्हाय हां. आता घे पोटभर ऊन."

तिनं घमेलं दूर भिरकावलं, आजूबाजूचं गवतही हातानं उपटून टाकलं, म्हणजे एकही सावली त्याच्यावर पडायला नको. मग ती समाधानानं वासरांमागे गेली. त्या दिवशी आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पाऊस उघडल्यावरचं कडक, चरचरीत ऊन पडलं होतं.

दुपारी ती परत आली आणि जागीच थबकली. दवबिंदूची पानं कडेनं करपली होती. मान मोडून मातीवर पडली होती. केस तेवढे उरले होते, कोरडे आणि वाकडे. सगळ्या झाडावर मधोमध एका पानाला एकच थेंब लोंबत होता, तोही थरथरणारा.

राई मटकन खाली बसली. काकीनं आईला केलं, तेच आपण याला केलं. अगदी तस्संच, आणि तेवढ्याच मायेनं. ती हुंदके देऊन रडू लागली.

"रडू नकोस ना," कुणीतरी म्हणालं. आवाज इतका बारीक होता की राईला वाटलं, गवतच बोललं. तिनं डोळे पुसून वाकून बघितलं. करपलेल्या पानाच्या सावलीत बोटाच्या पेराएवढी एक परी पडली होती. तिचे पंख तेरड्याच्या पाकळीचे, झगुला सीतेच्या आसवांचा निळा निळा, आणि केसांत गेंदाचं एक इवलुकलं बोंड. पण सगळं कसं धुवून धुवून विटलेलं.

"मी दवुली," परी म्हणाली. "या थेंबातून मी जगते. थेंब चमकले की मी चमकते. पावसाळ्याआधी मी या मातीत बी राखत बसले होते आणि वरून घमेलं पडलं. तू ते उचललंस. तुझं माझ्यावर उपकाराचं ओझं आहे."

"मी तर तुला भाजून काढलं," राई म्हणाली.

"तू मायेनंच केलंस. आता ऐक, माझ्याकडे वेळ थोडा आहे. थेंबातली परी ज्याला भेटते, त्याला एक इच्छा मागता येते. तिचे नियम असतात. थेंबाला बोट लावायचं नाही, नुसतं त्याच्याकडे बघून मागायचं. एकदाच मागायचं. आणि तुझ्या हातांनी होण्याजोगं असेल, ते माझ्याकडे मागायचं नाही. हात जिथं थकतात, तिथून पुढचं काम माझं. हा एकच थेंब उरलाय. माग."

मागायचं काय, हे तिला ठरवायची गरजच नव्हती. आये उजेडात येऊ दे, शब्द अगदी ओठांशी आले. पण तिची नजर परीच्या विटलेल्या पंखांवर गेली आणि शब्द तिथंच थांबले.

"हा थेंब गेला की तुझं काय होणार?" तिनं विचारलं.

परीनं आपला झगुला नीट केला, एवढंच.

"मग आता न्हाय मागत," राई म्हणाली. "तू आधी बरी हो."

"बरी कशी होऊ?" दवुलीनं विचारलं. "मी उन्हातली परी. काळोखातून उजेडात कसं यायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही. ऊन नसलं की मी फिकटते, आणि ऊन आलं तर असं जाळतं."

राई विचारात पडली. तिला भागीरथीकाकीचा नातू आठवला. उन्हाळ्यात जन्मलेलं ते लालेलाल गाठोडं. इतकी उतावळी बाई, पण नातवाच्या बाबतीत तिनं कधी घाई केली नव्हती. आधी आतली बाळंतिणीची खोली. मग उंबऱ्याशी मांडीवर घेऊन बसायची. मग पडवीत. मग अंगणात, तेही सकाळच्या कोवळ्या उन्हात, डोक्याला टोपडं घालून. बाळ असंच उजेडाला ओळखू लागलं होतं.

"मला ठाव हाय कसं यायचं ते," राई म्हणाली. "चल माझ्या घरी."

तिनं नारळाची एक करवंटी शोधली. दवबिंदूला मुळासकट, भोवतीच्या ओल्या मातीसकट हलकेच उचलून तिच्यात बसवलं, वर अळूचं पान धरलं आणि वासरं हाकत ती सडा उतरली.

घरात तिनं करवंटी माजघराच्या कोपऱ्यात ठेवली, आईच्या खोलीच्या दाराबाहेर. तिथं धड काळोख नव्हता आणि धड उजेडही नव्हता. आत आई जागीच होती.

"काय आणलंस गो?" तिनं काळोखातून विचारलं.

राईनं सगळं सांगितलं. घमेलं, ऊन, परी, थेंब. फक्त काय मागणार होते, ते सांगितलं नाही.

"परी हाय म्हणतेस?" आई हसली. किती दिवसांनी हसली ती. "असेल हो. पाणी कुठलं घालतेस त्याला? विहिरीचं नको. सड्यावरच्या झाडाला आभाळाचं पाणी लागतं. पागोळीचं धर."

मग राईनं पन्हाळीखाली मडकं ठेवलं. पागोळ्यांचं पाणी ती करवंटीत बोटानं शिंपायची. एकदा तिनं आपल्या भाकरीचा तुकडाही मातीत खोचला, तेव्हा दवुली पोट धरून हसली. "अगं, भाकरीनं माझी मुळं कुजतील. तू खा. माझं जेवण उडत येतं," ती म्हणाली. राईनं निमूटपणे तुकडा उचलून, फुंकर मारून स्वतः खाल्ला.

माजघरात दवबिंदूची मान सावरली. मग करवंटी उंबऱ्याशी आली. उंबऱ्यात एक नवं पान उलगडलं, गोगलगाईच्या शिंगासारखं गुंडाळलेलं, हळूहळू सरळ होणारं. मग ती पडवीत आली. रोज संध्याकाळी आई आतून विचारायची, "आज कुठवर आला तुझा पाव्हणा?" आणि राई सांगायची. करपलेली पानं गळून पडली, हिरवी हिरवी नवी पानं आली, पण थेंब अजून टाचणीच्या टोकाएवढेच.

एका सकाळी राईला राहवलं नाही. एवढा चांगला दिसतोय, आता काय होतंय, असं म्हणून तिनं करवंटी पडवीतून उचलली आणि सरळ अंगणात ठेवली. थोड्याच वेळात आतून आईचा आवाज आला, "राई, कुठं ठेवलंस त्याला?"

"अंगणात."

"वर काय हाय?"

"काय न्हाय."

आई हळू आवाजात म्हणाली, "उचल. आधी उचल त्याला."

राई धावत गेली. नव्या पानांच्या कडा मऊ पडायला लागल्या होत्या आणि दवुली करवंटीच्या सावलीला चिकटून धापा टाकत होती. राईनं तिला आत आणलं. तिला इतकं वाईट वाटलं की ती दाराशी नुसती उभी राहिली.

"पडवीच्या पुढं एकदम अंगण नसतं," आई आतून म्हणाली. "मधी काहीतरी लागतं. माझं जुनं इरलं खुंटीला हाय ना? ते उभं कर त्याच्यावर. आणि रोज त्यातली चार पानं काढून टाक. झाडाला कळायचंसुद्धा न्हाय, ऊन कधी आलं ते."

काय सुरेख युक्ती होती ती! अंगणात दोन काठ्यांवर इरलं उभं राहिलं आणि त्याखाली दवबिंदू बसला, लावणीला निघालेल्या छोट्या बाईसारखा. पहिल्या दिवशी त्याच्यावर फक्त हिरवट सावली. मग राईनं थोडी पानं ओढून काढली, तशी उन्हाची एक सोनेरी टिकली आत उतरली. मग दोन टिकल्या. मग कवडसेच कवडसे, पानांवर नाचणारे, दवुलीच्या झगुल्यावर लपंडाव खेळणारे. आणि एका दिवशी केसांच्या टोकांना गुलाबी छटा आली. मग लालसर. मग लालचुटूक. थेंब फुगले, गोल झाले, प्रत्येक थेंबात एक इवलासा सूर्य बसला. दवुलीचे पंख तेरड्याहून गुलाबी झाले आणि ती करवंटीच्या काठावरून घसरगुंडी खेळू लागली.

इरल्याच्या नुसत्या कामट्या उरल्या त्या दिवशी एक आगाऊ चिलट गुणगुणत आलं आणि पानावर बसलं. बसलं ते बसलंच. केस हळूहळू त्याच्याकडे वाकले. दवुलीनं मिटक्या मारल्या.

"आता मी पूर्ण बरी झाले," ती म्हणाली. "आता माग."

राईनं हात जोडले, सगळ्यांत मोठ्या थेंबाकडे बघितलं आणि म्हणाली, "माझी आये उजेडात येऊ दे."

काहीच झालं नाही. थेंब होता तसाच लटकत राहिला. राईला वाटलं, आपण नीट बोललो नसू. तिनं दवुलीकडे बघितलं. दवुलीचा चेहरा एवढासा झाला होता.

"थेंबानं इच्छा घेतली नाही," ती म्हणाली. "घेतली असती तर तो हलला असता. म्हणजे तुझं एकदाचं मागणं अजून तुझ्याकडेच आहे. राई, तुझ्या हातांचं काम अजून शिल्लक आहे. त्या दिवशी सड्यावर मागितलं असतंस, तरीही त्यानं घेतली नसती, आणि उन्हात तो थेंबही सुकला असता आणि मीही."

राईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझे हात काय करणार, असं ती म्हणणार होती. पण म्हणता म्हणता तिची नजर इरल्याच्या उघड्या कामट्यांवर गेली, आणि ती तिथंच खिळली. मग ती उठली आणि रानाकडे धावत सुटली. परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा होता, तिच्यापेक्षा मोठा.

तो भारा आणि इरल्याचा सांगाडा तिनं आईच्या काळोख्या खोलीत नेऊन ठेवला.

"आये, याला पानं बसवून दे. एकदम दाट. उजेड अजिबात येता नये."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मला न्हाय जमायचं गो," आई म्हणाली. "मला भय वाटतं."

"अंगणात न्हाय न्यायची मी," राई म्हणाली. "उंबऱ्यापर्यंतच. त्याला पण तसंच आणला ना आपण?"

मग काळोखात पानांची सळसळ सुरू झाली. बांबू चिरायला नजर लागते, पण तयार कामट्यांत पानं खोवायला आईच्या बोटांना डोळ्यांची गरज नव्हती. पान दुमडायचं, सरकवायचं, दाबायचं. इरलं पुरं होईपर्यंत ती एक जुनं लावणीचं गाणंही पुटपुटू लागली होती.

इरलं कपाळावर पुढं ओढून, राईचा हात घट्ट धरून, आई उंबऱ्याशी येऊन बसली. तिचे डोळे मिटलेले होते. थोड्या वेळानं तिनं एक डोळा किलकिला केला. पाणी आलं, पण किंचाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी राईनं इरल्याची पुढची चार पानं काढली. उंबरा झाला, पडवी झाली. ज्या दिवशी आईला नुसतं बसणंच पुरे वाटे, त्या दिवशी राई एक पानही काढायची नाही. एकदा डोळे फार झोंबले, तेव्हा तर तिनं काढलेली पानं परत खोवली.

भागीरथीकाकीला हे कळलं तशी ती आली. आल्या आल्या तिनं तोंड उघडलं, पण राईनं तिच्याकडे असं बघितलं की काकीनं ते मिटलं. ती आईशेजारी पडवीत बसली आणि तिचा हात हातात घेऊन गप्प राहिली. काकीला गप्प बसणं किती जड गेलं असेल, ते सगळी वाडीच जाणे. बऱ्याच वेळानं ती एवढंच म्हणाली, "माझं चुकलं गो बाय तेव्हा." आईनं तिचा हात थोपटला.

दिवस सरले. आई कोवळ्या उन्हात अंगणात बसू लागली, तुळशीशी, इरल्याच्या कवडशांखाली. तिला सावल्या दिसत, रंगांचे पुसट डाग दिसत. पण ऊन चढलं की सगळं अडायचं. शेवटची पानं काढायला राईनं हात लावला की आईचे डोळे गच्च मिटत आणि पाण्याच्या धारा लागत. राईनं थांबून बघितलं, पुन्हा मागं जाऊन बघितलं, सगळं सगळं करून बघितलं. पुढचं पाऊल काही पडेना.

"माझे हात थकले," एका सकाळी ती दवुलीला म्हणाली.

दवुली करवंटीच्या काठावर बसून थेंबात आपलं तोंड बघत होती. तिनं वळून राईकडे बघितलं, मायेनं, कितीतरी वेळ. "मग मला घरी पोचव," ती म्हणाली. "आईलाही आण."

राई निघाली. एका हातात करवंटी, एका हातात आईचा हात. आई इरलं पुढं ओढून, मान खाली घालून, पायांनी वाट ओळखत सडा चढली. वासरं मागून आली. वर पोचेपर्यंत दुपार झाली होती. सगळा सडा उन्हानं झगमगत होता आणि आईचा हात राईच्या हातात घामेजला होता.

राईनं ओल्या कातळाच्या कडेला, भाईबंदांच्या मधोमध, दवबिंदू मातीत लावला. करपलेलं ते फिकट रोपटं आता कुणाला ओळखू आलं नसतं. लाल, डौलदार, आणि पानापानावर हिऱ्यांची आरास. चढत्या उन्हात तो जराही वाकला नाही.

"आता माग," दवुली म्हणाली. "आणि माझी काळजी करू नकोस. तेव्हा एकच थेंब होता. आता बघ किती आहेत. एक दिला म्हणून मी विझणार नाही."

राईनं हात जोडले. "आम्ही दोघी इथवर आलो," ती म्हणाली. "आता पुढं येत न्हाय. माझ्या आयेला पुढं ने."

थेंब हलला. आधी किंचित, मग थरथरून, मग तो पानावरून अलगद सुटला आणि खाली पडायच्या ऐवजी वर उचलला गेला. दवुलीनं पंख पसरले आणि त्याच्यात शिरली. थेंब गुलाबी झाला, मग निळा, मग सोनेरी. "उन्हं आली की मी असतेच," तिचा बारीक आवाज आला. "मला शोधू नकोस, नुसती बघ." आणि सड्यावर एवढा लख्ख प्रकाश फाकला की राईनं हातानं डोळे झाकले, वासरांनी माना फिरवल्या आणि गवतातली फुलपाखरं जागच्या जागी थबकली.

प्रकाश ओसरला तेव्हा राईनं घाबरत घाबरत बोटांच्या फटीतून आईकडे बघितलं.

आईनं इरलं काढून खाली ठेवलं होतं. ती भर उन्हात उभी होती आणि तिचे डोळे टक्क उघडे होते. ती तेरड्याच्या गालिच्यांकडे बघत नव्हती, निळ्या आसवांकडे नाही, आभाळाकडेही नाही. ती राईकडे बघत होती. पायांपासून केसांपर्यंत, पुन्हा केसांपासून पायांपर्यंत. मग तिनं पुढं होऊन राईचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"राई," ती म्हणाली, "केवढी वाढलीस गो तू."